लॅपटॉपला बूट ड्राइव्ह सापडत नाही – सोसायटीचे हिशेब आत अडकलेत (ऐरोली)

नाइलाजाने_खजिनदार

नमस्कार मंडळी.

आमच्या ऐरोलीतल्या सोसायटीचा एक लॅपटॉप आहे. सोसायटीचा म्हणजे कुणाचाच नाही असा. खजिनदार बदलला की कपाटाच्या किल्ल्या, पावतीपुस्तकं आणि हा लॅपटॉप पुढच्याच्या गळ्यात. यंदा गळा माझा. मेंटेनन्सचं लेजर, थकबाकीदारांची यादी, बँकेचा ताळमेळ, सगळं त्यातल्या एक्सेलमध्ये. पेनड्राइव्हवर प्रत आहे, पण ती मागच्या ऑडिटच्या वेळची. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची आणि ऑडिटरला आकडे त्याच्याही आधी हवेत.

काल कपाटातून काढून चार्जर लावला आणि चालू केला. कंपनीचा लोगो आला, मग काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत "स्टार्ट पीएक्सई ओव्हर आयपीव्ही४" असं काहीतरी, आणि शेवटी "नो बूटेबल डिव्हाइस". एंटर दाबलं की पुन्हा तेच. बी विंगमधले एक सदस्य म्हणाले, आयपी दिसतंय म्हणजे कुणीतरी नेटवरून आत शिरलंय. जवळच्या दुकानात नेला. त्याने उभ्या-उभ्या बटण दाबून पाहिलं आणि सांगितलं, "हार्ड डिस्क गेली. नवीन एसएसडी घालून विंडोज टाकून साडेचार हजार. डेटाची गॅरंटी नाही." चेअरमनसाहेब म्हणतात तीन कोटेशन आणा.

सातव्या पिढीचा आय३, १ टीबीची हार्ड डिस्क, विंडोज १०. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा तिकडेच वाहत जाईल. डेटा वाचायची काही शक्यता आहे का?

बायोस_बुवा

आहे, आणि बऱ्यापैकी आहे. फक्त कुणालाही त्यात विंडोज टाकू देऊ नका. "डिस्क दिसत नाही" या एका वाक्यात निदान चार वेगवेगळे आजार असतात आणि दुकानदाराने चारांवर एकच औषध सांगितलंय, कारण त्याच्याकडे तेच तयार असतं.

आधी ते पीएक्सईचं भूत उतरवू. डिस्कवर बूट करण्यासारखं काही मिळालं नाही की लॅपटॉप शेवटचा प्रयत्न म्हणून लॅनच्या वायरीतून एखादा सर्व्हर मिळतो का बघतो. ऑफिसात एकदम शंभर मशीनवर विंडोज चढवायचं असेल तर ही सोय वापरतात. तुमच्या लॅनच्या खाचेत बहुतेक धुळीशिवाय काही नसेल. कुणी आत शिरलेलं नाही.

आता बायोसमध्ये जा, म्हणजे विंडोजच्याही आधी येणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर. चालू करताक्षणी एफ२ टपटप दाबत राहा. लोगो येण्याची वाट बघू नका, तोवर उशीर झालेला असतो. आत गेल्यावर काहीही बदलू नका, फक्त मोबाइलने दोन पानांचे फोटो काढा. एक "इन्फर्मेशन" किंवा "मेन" नावाचं पान, त्यात हार्ड डिस्कचं मॉडेल आणि सिरीयल नंबर दिसतो का ते. दुसरं "बूट" नावाचं पान, त्यात मोड काय लिहिलाय आणि खाली यादीत कोण कोण आहे ते. या दोन पानांत फरक असतो हेच पुष्कळांना माहीत नसतं. पहिलं पान सांगतं की वायरीच्या टोकाला डिस्क आहे. दुसरं सांगतं की तिच्यावरून सुरू होण्याजोगं काही बायोसला कळलंय. पहिल्यावर नाव असेल तर ते साडेचार हजार खिशातच ठेवा.

आणि हो, बायोसमधलं घड्याळ कोणती तारीख दाखवतंय तेही बघा.

नौपाड्याची_मंजू

वाचतेय. वाखूसा (वाचनखूण साठवली). आमच्याकडेही असाच एक धोंडा पडून आहे.

कान_देऊन_ऐका

बुवांचं बरोबरच आहे, पण त्याआधी एक. हार्ड डिस्क आहे म्हणताय, म्हणजे आत फिरती तबकडी; फिरणारा भाग नसलेला एसएसडी नव्हे. पंखे आणि टीव्ही बंद करा, लॅपटॉप चालू करून डाव्या-उजव्या तळहाताच्या जागेला कान लावा. नुसती घरघर असेल तर ठीक. ठरावीक अंतराने "टक्... टक्... टक्..." येत असेल तर लगेच बंद करा आणि पुन्हा चालू करू नका. हेड्सना तबकडीवरची आपली जागा सापडत नाहीये. तशा अवस्थेत जितका वेळ फिरवाल तितकं नुकसान. ती केस सरळ डेटा रिकव्हरी लॅबची, घरची नाही. फ्रीजरमध्ये ठेवा वगैरे सांगणारा कुणीतरी आता उगवेलच. ठाण्याच्या दमट हवेत फ्रीजरमधून काढलेल्या वस्तूवर किती पाणी धरतं ते पाण्याच्या बाटलीवर बघा.

मानपाडा_मॅकगायव्हर

फ्रीजरमध्ये ठेवायचं सांगायलाच आलो होतो. प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

बायोस_बुवा

:)

ट्रान्सहार्बर_लोकल

माझा अनुभव वेगळा आहे. माझ्याकडे बायोसमध्ये डिस्क व्यवस्थित दिसत होती, सगळे म्हणाले चांगली आहे, आणि आठवड्याभरात खरंच गेली. तेव्हा "दिसते म्हणजे ठणठणीत" असं समजू नये. दुसरं म्हणजे ज्याला बायोसची सवय नाही त्याने आत बोटं घालूच नयेत. एक सेटिंग बदललं की होतं ते विंडोजही उठत नाही.

बायोस_बुवा

@ट्रान्सहार्बर, पहिला मुद्दा शंभर टक्के मान्य. नाव दिसणं म्हणजे डिस्कचा कंट्रोलर जिवंत आहे एवढंच. तबकडीची तब्येत वेगळी बघावी लागते, तिथे येऊच. दुसरा अर्धा मान्य. म्हणून तर आधी फोटो काढा म्हटलं. फोटो असेल तर जिथून निघालो तिथे परत येता येतं.

नाइलाजाने_खजिनदार

आवाज साधा घरघरीचा आहे, टकटक नाही.

फोटो काढले. इन्फर्मेशन पानावर डिस्कचं मॉडेल आहे, त्याखाली सिरीयल नंबरही आहे! बूट पानावर "बूट मोड : यूईएफआय" आणि खालच्या यादीत फक्त नेटवर्क बूट. तारीख १ जानेवारी २०१७, रात्रीचे बारा वाजून काही मिनिटं. मी तर दुपारी बघतोय.

बायोस_बुवा

सापडला. म्हणजे मला तरी असं वाटतंय. आणखी एक सांगा. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी आहे का? चार्जरची पिन काढली की चालू राहतो की जागीच बंद पडतो?

नाइलाजाने_खजिनदार

माजी खजिनदारांना फोन केला. बॅटरी फुगली होती म्हणून त्यांनी गेल्या वर्षी काढून टाकली. "चार्जरवर चालतो की, कशाला खर्च" म्हणाले. म्हणजे पिन काढली की खेळ खलास. पण याचा डिस्कशी काय संबंध?

बायोस_बुवा

चांगलाच संबंध आहे. जरा सविस्तर लिहितो, कारण हा प्रकार मी फार लॅपटॉपांत बघितलाय.

मदरबोर्डवर एक बटनसेल असतो, सीआर२०३२, ३ व्होल्टचा. लॅपटॉप बंद असताना घड्याळ चालू ठेवणं हे त्याचं काम. मोठी बॅटरी जागेवर असली की पुष्कळ लॅपटॉपांत घड्याळाला वीज तिच्याकडूनच मिळते आणि बटनसेल निवांत असतो. तुमच्याकडे मोठी बॅटरी काढली आणि लॅपटॉप पिनेशिवाय महिनोन्महिने कपाटात. सगळा भार त्या बटनसेलवर. तोही सात-आठ वर्षांचा. तो संपला, घड्याळ थांबलं. घड्याळाची वीज गेली की बरीच बायोस सगळी सेटिंग्ज फॅक्टरीच्या मूळ अवस्थेला नेतात. म्हणून तारीख २०१७.

आता मूळ अवस्था काय, तर यूईएफआय, म्हणजे मशीन सुरू करायची नवी पद्धत. आणि तुमचं विंडोज बहुतेक यूईएफआयमध्ये टाकलेलंच नाही. त्या काळात लॅपटॉप विंडोजशिवाय स्वस्तात मिळायचे. दुकानदार आपल्या जुन्या डीव्हीडीने किंवा पेनड्राइव्हने विंडोज टाकायचा आणि त्यासाठी बायोस "लेगसी" म्हणजे जुन्या पद्धतीच्या मोडवर करून ठेवायचा. लेगसीत टाकलेल्या विंडोजची डिस्क एमबीआर पद्धतीने आखलेली असते. सुरुवातीच्या सेक्टरमध्ये छोटासा कोड, तो पुढच्याला हाक मारतो. यूईएफआयला तसलं काही कळत नाही. त्याला जीपीटी आखणी आणि एक छोटं ईएफआय पार्टिशन लागतं, त्यात बूटची फाइल असते. ती नसली की तो म्हणणार, इथे बूट होण्यासारखं काही नाही. डिस्क समोर असून.

ताळा कसा करायचा ते सांगतो. बूट पानावर "बूट मोड" लेगसी करा. तो पर्याय धूसर असेल तर आधी "सिक्युअर बूट" बंद करा. तोही धूसर असेल तर काही बायोसमध्ये आधी सुपरवायझर पासवर्ड ठेवावा लागतो, त्याशिवाय सिक्युअर बूटला हात लावू देत नाहीत. पासवर्ड ठेवलात तर कागदावर लिहा आणि काम झाल्यावर त्याच जागी जाऊन रिकामा करा. पुढच्या खजिनदाराचे शिव्याशाप नकोत. मग एफ१० दाबून सेव्ह.

विंडोज उठलं नाही तर फोटो बघून सगळं होतं तसं करा आणि इथे लिहा. या बदलाने डिस्कवर काहीही लिहिलं जात नाही, त्यामुळे डेटाला धोका नाही.

घणसोली_सेक्टर_नऊ

माफ करा, मध्येच घुसतेय. माझंही हेच दुखणं आहे, पण लॅपटॉप नवा आहे. अकरावी पिढी, ५१२ जीबी एनव्हीएमई (मदरबोर्डवर बसणारा पट्टीसारखा एसएसडी). कधी सुरू होतो, कधी "नो बूट डिव्हाइस". सकाळी हटकून चालतो, तासभर काम केलं की अडकतो, आणि रीस्टार्ट केला की बायोसच्या पहिल्या पानावरही ड्राइव्हचं नाव नसतं. अर्धा तास बंद ठेवला की परत येतो. घड्याळ बरोबर आहे. वेगळा धागा काढू का?

बायोस_बुवा

@घणसोली, इथेच राहा. तुमची केस बरोबर उलटी आहे, शेजारी-शेजारी असल्या तर वाचणाऱ्याला फरक कळेल.

तुमच्याकडे पहिल्याच पानावरून नाव गायब होतंय, आणि तेही तापल्यावर. म्हणजे सेटिंगचा प्रश्न नाही. एकतर ड्राइव्ह खाचेत नीट बसलेला नाही, नाहीतर ड्राइव्हच जातोय. दोन्हींत पहिलं काम एकच : आज सकाळी चालू झाला की दुसरं काहीही न करता महत्त्वाचं सगळं बाहेरच्या डिस्कवर काढा. आधी लहान आणि अमूल्य गोष्टी. सिनेमे शेवटी.

कान_देऊन_ऐका

@घणसोली, एक दक्षता. विंडोज ११ असेल तर ड्राइव्ह बिटलॉकर या विंडोजच्याच सोयीने कुलूपबंद असण्याची दाट शक्यता, तुम्ही स्वतः लावलं नसलं तरी. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन-इन केलं की बऱ्याच लॅपटॉपांत आपोआप लागतं. बायोसमध्ये काही बदललं किंवा ड्राइव्ह काढून दुसरीकडे लावला की ४८ आकडी रिकव्हरी की मागेल. दुसऱ्या मशीनवरून किंवा मोबाइलवरून आपल्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये जा, डिव्हाइसेसच्या पानावर ती असते. आत्ताच लिहून घ्या. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर की ऑफिसच्या आयटीवाल्यांकडे, आणि मग स्क्रूड्रायव्हरही त्यांनाच धरू द्या.

घणसोली_सेक्टर_नऊ

स्वतःचाच आहे, वॉरंटी अजून शिल्लक आहे. की सापडली. मला पत्ताच नव्हता की कुलूप लागलंय!

मानपाडा_मॅकगायव्हर

ड्राइव्ह काढून त्याचे सोनेरी दात खोडरबरने घासा. रॅमचा रामबाण उपाय.

कान_देऊन_ऐका

खोडरबर नको हो. त्याचा चुरा खाचेत जातो आणि सोन्याचा मुलामा मुळातच नखाएवढाही जाड नसतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं फडकं पुरे. आणि वॉरंटी शिल्लक असताना झाकण उघडायचं की नाही हे आधी कंपनीच्या कागदात वाचा. काही कंपन्या ड्राइव्ह आणि रॅम बदलायला मुभा देतात, काही झाकणाच्या स्क्रूवर स्टिकर डकवून ठेवतात.

उघडलंच तर आधी मदरबोर्डवरून बॅटरीचा कनेक्टर सोडवा. नुसता चार्जर काढून भागत नाही. ड्राइव्हच्या दुसऱ्या टोकाला एक चिमुकला स्क्रू असतो. तो काढला की ड्राइव्ह आपोआप तिरका वर उठतो. बसवताना तसाच तिरका घालून शेवटपर्यंत ढकलायचा, मग दाबून स्क्रू. सोनेरी पट्टी बाहेर डोकावत असेल तर तो बसलेला नाही. स्क्रूच नसलेला ड्राइव्ह मी स्वतः बघितलाय. बॅगेतून रोज ठाणे-वाशी लोकलचे धक्के खाऊन हळूहळू बाहेर सरकलेला. नुसता परत बसवला, चालू.

नाइलाजाने_खजिनदार

मंडळी, विंडोज उठलं!!!

पर्याय धूसरच होता. सुपरवायझर पासवर्ड, मग सिक्युअर बूट बंद, मग लेगसी, एफ१०. बूटच्या यादीत डिस्कचं नाव आपोआप आलं आणि थेट लॉगिनचा पडदा. तारीख २०१७ असल्यामुळे ब्राउझर प्रत्येक साइटला "कनेक्शन सुरक्षित नाही" म्हणून ओरडतोय. लेजर उघडून बघितलं, सगळं जागच्या जागी आहे, थकबाकीदारांसकट.

बुवा, तुम्ही ऐरोलीत असाल तर वडापाव माझ्याकडून.

बायोस_बुवा

ठाण्यात असतो, खाडीपलीकडे. वडापाव उधार ठेवा.

लेजर वाचत बसू नका, आधी कॉपी. बाहेरच्या डिस्कवर एक आणि ईमेलने किंवा गूगल ड्राइव्हवर एक. पिन सुटणार नाही अशा जागी ठेवा. पिन सुटली आणि सेल मेलेला असला की बायोस पुन्हा मूळ अवस्थेला जाईल आणि तुम्ही पुन्हा पीएक्सई बघाल. ब्राउझरचं ओरडणं तारखेमुळेच आहे. सर्टिफिकेटला मुदत असते आणि तुमचा लॅपटॉप त्या मुदतीच्या आधीच्या काळात बसलाय. तारीख दुरुस्त केली की गप्प होईल.

कॉपी झाल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं, डिस्कची तब्येत दाखवणारं फुकट सॉफ्टवेअर चालवा आणि काय रंग दाखवतं ते सांगा. यासाठीच मघाशी @ट्रान्सहार्बर यांचं म्हणणं मान्य केलं होतं.

कोपरखैरणे_फास्ट

माझाही प्रश्न घ्या. भावाचा लॅपटॉप, बारावी पिढी. बायोसमध्ये एसएसडी दिसतो. विंडोज नव्याने टाकायला घेतलं तर इन्स्टॉलर म्हणतो ड्राइव्हच नाही. यादी कोरी. नवा ड्राइव्ह घेऊन घातला तरी तेच!

बायोस_बुवा

नवा ड्राइव्ह परत करता येत असेल तर करा. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून पुष्कळ लॅपटॉपांत व्हीएमडी नावाची गोष्ट चालू असते. ती ड्राइव्हला आपल्या पंखाखाली घेते, आणि विंडोजच्या इन्स्टॉलरकडे त्यासाठीचा ड्रायव्हर नसला तर त्याला ड्राइव्ह दिसत नाही. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून तुमच्या मॉडेलचा इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर उतरवा, दुसऱ्या मशीनवर सोडवून त्याचं फोल्डर इन्स्टॉलरच्याच पेनड्राइव्हवर टाका, आणि त्या कोऱ्या यादीखालच्या "लोड ड्रायव्हर"वर क्लिक करून ते फोल्डर दाखवा. ड्राइव्ह लगेच अवतरतो. नुसती इंस्टॉलरची ईएक्सई फाइल टाकून चालत नाही, आतल्या आयएनएफ वगैरे फाइली सुट्या हव्यात.

दुसरा रस्ता बायोसमधून व्हीएमडी बंद करण्याचा. एसरच्या काही लॅपटॉपांत तो पर्याय लपलेला असतो, मेन पानावर कंट्रोल-एस दाबलं की दिसतो. पण एक लक्षात ठेवा. आत चालू विंडोज असेल आणि ते ठेवायचं असेल तर व्हीएमडी एकदम बंद केलं की निळा पडदा येतो, "इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस". आधी विंडोजला सेफ मोडमध्ये उठायला सांगायचं, मग बायोसमध्ये बदल, सेफ मोडमध्ये एकदा उठू द्यायचं, मग सेफ मोड काढायचा. तुमच्याकडे नव्यानेच टाकायचंय म्हणजे ही भानगड नाही.

कोपरखैरणे_फास्ट

लोड ड्रायव्हरने दिसला. भावाने नव्या ड्राइव्हचं खोकं फाडून फेकलंय, त्यामुळे परत करता येणार नाही. असो.

नौपाड्याची_मंजू

कुठल्या कंपनीला कुठलं बटण हे कुणी एका जागी लिहाल का? दर वेळी शोधावं लागतं.

ट्रान्सहार्बर_लोकल

माझ्या वहीतून. डेलला बायोससाठी एफ२ आणि बूट मेन्यूसाठी एफ१२. एचपीला आधी एस्केप दाबा, मग यादीच येते : एफ१० बायोस, एफ९ बूट मेन्यू, एफ२ डायग्नोस्टिक्स. लेनोव्होला एफ२ किंवा एफ१, बूट मेन्यू एफ१२. आयडियापॅडच्या बाजूला टाचणी घुसेल एवढं भोक असतं, ते नोव्हो बटण, त्यानेही मेन्यू येतो. असूसला एफ२ आणि एस्केप. एसरला एफ२, आणि एफ१२ चालण्यासाठी आधी बायोसमध्ये तो मेन्यू चालू करावा लागतो. काही कीबोर्डवर एफएन धरून दाबावं लागतं. डेल आणि एचपीचं डायग्नोस्टिक्स जरूर चालवा, विंडोज नसतानाही डिस्कची चाचणी घेतं आणि एरर कोड देतं. वॉरंटीवाल्यांशी बोलताना तो कोड सांगितला की "विंडोज परत टाकून बघा" ही पहिली पायरी टळते.

नाइलाजाने_खजिनदार

कॉपी पूर्ण. काही जुने फोटो उचलताना बराच वेळ अडला, पण हिशेब सगळे आले. आता ते सॉफ्टवेअर पिवळा रंग दाखवतंय. "कॉशन". यादीत सी५ समोर शून्य नाही, ५ समोरही नाही.

बायोस_बुवा

मग @ट्रान्सहार्बर जिंकले. ५ म्हणजे खराब झाल्यामुळे डिस्कने बदली दिलेले सेक्टर. सी५ म्हणजे वाचता न आल्यामुळे निर्णय लटकलेले सेक्टर. फोटो अडले ते इथेच. डिस्क बूट होत नव्हती त्याचं कारण बटनसेल, पण डिस्कचेही दिवस भरत आलेत. दोन वेगळी दुखणी एकाच पलंगावर. आता चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासायचं साधन) वगैरे चालवू नका, आजारी डिस्कला त्याने आणखी दमवाल.

हार्ड डिस्कच्याच जागी बसणारा अडीच इंची साटा एसएसडी घ्या, २५६ जीबी पुरेल. क्लोन करायच्या (डिस्कची हुबेहूब नक्कल काढायच्या) फंदात मी तरी पडणार नाही. खराब सेक्टरवर साधी क्लोनिंगची सॉफ्टवेअर अडखळतात, आणि तुमचा डेटा बाहेर आलेलाच आहे. बायोस पुन्हा यूईएफआय करा आणि कोऱ्या एसएसडीवर नव्याने विंडोज टाका, म्हणजे आखणी जीपीटीच होईल आणि उद्या सेल परत मेला तरी मूळ अवस्थेतच बूट होईल.

कुणी विचारेल म्हणून : होतं ते विंडोज ठेवून एमबीआरची जीपीटी करायचं साधन विंडोज १० मध्येच आहे, एमबीआर-टू-जीपीटी नावाचं. पण आपल्याकडच्या दुकानदारांना सी, डी, ई, एफ अशी पार्टिशनं पाडायची भारी हौस. त्यात एक्स्टेंडेड पार्टिशन असलं की ते साधन नकार देतं.

कान_देऊन_ऐका

त्यात आणखी एक गोम. सातव्या पिढीचा आय३ विंडोज ११ च्या यादीत नाही, इंटेलची यादी साधारण आठव्या पिढीपासून सुरू होते. आणि विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नुसतं एक्सेल आणि पावत्या असतील तर लिनक्स मिंट आणि लिब्रेऑफिस टाकून बघा. मराठी टाइपिंग चालतं. मात्र एक्सेलमध्ये मॅक्रो (आत लिहिलेले छोटे प्रोग्रॅम) असतील तर आधी तपासा.

नाइलाजाने_खजिनदार

मॅक्रो आहेत. माजी माजी खजिनदारांनी लिहिलेत, ते आता पुण्याला असतात. हे प्रकरण कमिटीपुढे ठेवतो. तोवर सोसायटीच्या बँकेचं काम या लॅपटॉपवरून करायचं नाही एवढं ठरवलंय. बटनसेल कुठे मिळेल? झाकण उघडून बघितलं तर वायर जोडलेला आहे, काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला.

मानपाडा_मॅकगायव्हर

घड्याळवाल्याकडून साधा आणा, वायरी चिकटवून टाका.

बायोस_बुवा

नको. वायर आणि छोट्या कनेक्टरसकट तयार मिळतो. ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला लॅपटॉपचे सुटे भाग विकणाऱ्यांकडे किंवा वाशीत सेक्टर १७ ला विचारा. ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गाठलात तर नक्की, फक्त रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद. जुना सेल फोटोसकट घेऊन जा, कनेक्टरच्या पिनांत फरक असतो. लिथियम सेलला घरच्या सोल्डरिंगची आच दिली तर फुटू शकतो, म्हणून चिकटवाचिकटवी नको.

घणसोली_सेक्टर_नऊ

माझं अपडेट. डेटा काढला, थंड असताना थोडा थोडा करून. झाकण उघडलं नाही. डायग्नोस्टिक्सने तापल्यावर ड्राइव्ह नाहीच असा कोड दिला, तो फोनवर सांगितला. माणूस घरी येऊन ड्राइव्ह बदलणार आहे. पण ते म्हणतात जुना ड्राइव्ह आम्ही परत नेणार. त्यात माझं सगळं आहे. मध्ये एकदा तो ओळखीच्यांकडे यूएसबीच्या डबीत लावून बघायचा विचार होता, म्हणजे पुसता आला असता.

कान_देऊन_ऐका

वॉरंटीत बदलला तर जुना परत नेण्याची पद्धतच आहे. काही कंपन्या जास्तीचे पैसे घेऊन जुना आपल्याकडे ठेवू देतात, पण तो करार आधी केलेला असावा लागतो. तुमच्या बाबतीत बिटलॉकर उपकारक ठरलं. ४८ आकडी की किंवा तुमच्या मदरबोर्डवरची चिप, यातलं काही नसेल तर तो ड्राइव्ह दुसऱ्याच्या हातात नुसता कचरा. तरीही सकाळी चालू असतानाच विंडोजच्या "रीसेट धिस पीसी"मधून सगळं काढून टाका आणि "क्लीन ड्राइव्ह" निवडा. मध्येच अडकला तर अडकला.

डबीचं म्हणाल तर विकत घेताना बघा, एनव्हीएमईची डबी वेगळी आणि तशाच पट्टीच्या आकाराच्या एम-डॉट-टू साटाची वेगळी. ड्राइव्हच्या दातांत एकच खाच असेल तर बहुतेक एनव्हीएमई, दोन असतील तर बहुतेक साटा. दोन्ही चालणाऱ्या डब्याही असतात, थोड्या महाग. आणि बिटलॉकरचा किंवा बिघडलेला ड्राइव्ह डबीतून लावला की विंडोज कधीकधी विचारतं, "वापरण्यापूर्वी फॉरमॅट करू का?" तिथे कॅन्सल. एसएसडीवर फॉरमॅट झालं की ट्रिम नावाची आज्ञा जाते आणि कंट्रोलर ते ब्लॉक खरोखर रिकामे करतो. हार्ड डिस्कवर निदान मागे काही उरायचं, इथे लॅबवालेही हात वर करतात.

घणसोली_सेक्टर_नऊ

क्लीन ड्राइव्हवर टाकलाय, ६४ टक्क्यांवर आहे. टेबलफॅन झाकणाखाली लावून ठेवलाय, अजून तापलेला नाही. माणूस उद्या अकराला येतो म्हणालाय.